छायाचित्रातील दुसरा मी

एका जुन्या फ्रेंच छायाचित्रात एक मनुष्य टेकून बसलेला दिसतो. त्याचे डोळे मिटलेले आहेत, मान एका बाजूस कलली आहे, कमरेपासून खाली एक वस्त्र गुंडाळलेले आहे आणि शेजारी गवताची एक टोपी आहे. चेहरा व हात उरलेल्या अंगापेक्षा बरेच काळवंडलेले दिसतात. चित्राच्या पाठीमागे मजकूर लिहिला आहे. त्याचा आशय असा की, हे प्रेत इपोलित बायार ह्या गृहस्थाचे आहे. सरकारने दागेर ह्यास पुष्कळ काही दिले, परंतु बायारसाठी आपल्याला काही करता येत नाही असे सांगितले. तेव्हा त्या दुर्दैवी माणसाने पाण्यात बुडून प्राण सोडला. त्याचा चेहरा व हात आता कुजू लागले आहेत, असेही त्यात म्हटले आहे.

हे वाचून अंगावर काटा उभा राहतो. पण क्षणभर विचार केला की शंका येते. चित्रातील मनुष्य बायार असेल, तर हे चित्र घेतले कोणी? आणि पाठीमागचा मजकूर तरी कोणाचा? दोन्ही गोष्टी बायारच्याच! तो जिवंत होता, धडधाकट होता आणि पुढे १८८७ सालापर्यंत जगला. आपल्याच मरणाचा देखावा उभा करून, त्यात स्वतः प्रेत होऊन बसून, त्याने १८४० साली हे छायाचित्र तयार केले.

त्याला असे का करावेसे वाटले? बायार हा पॅरिस येथे सरकारच्या अर्थखात्यात नोकरी करीत असे. फावल्या वेळात प्रयोग करून त्याने कागदावर थेट चित्र उमटविण्याची स्वतःची पद्धत शोधून काढली आणि १८३९ च्या जून महिन्यात आपली चित्रे लोकांपुढे मांडलीही. पण त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लुई दागेर ह्याची पद्धत फ्रान्सच्या सरकारने समारंभपूर्वक जाहीर केली. दागेरला कीर्ती मिळाली, जन्मभराचे निवृत्तिवेतन मिळाले. बायारच्या वाट्यास उपकरणांसाठी थोडेसे पैसे आले. तक्रारअर्ज लिहिण्याऐवजी त्याने एक चित्र काढले. चेहरा व हात काळे दिसले ते उन्हाने रापल्यामुळे, कुजल्यामुळे नव्हे. आणि त्या काळी चित्र उमटण्यास कित्येक मिनिटे लागत असल्याने डोळे मिटून निश्चल पडून राहणे त्याला सोयीचेही होते! कॅमेरा कधी खोटे बोलत नाही असे लोक पुढे कितीतरी वर्षे म्हणत राहिले. वस्तुतः जन्मानंतर जेमतेम वर्षभरातच कॅमेरा एक गोष्ट रचून सांगू लागला होता, आणि त्या गोष्टीचा नायक खुद्द कॅमेऱ्याचा मालकच होता.

स्वतःचे चित्र स्वतः घेणे ह्यास आत्मचित्र म्हणतात. आपल्या रूपाची हुबेहूब नोंद ठेवणे हा बहुतेक आत्मचित्रांचा हेतू असतो. परंतु काही कलावंतांना हुबेहूब नोंद नको असते. स्वप्नात जसे ओळखीच्या घरात अनोळखी काहीतरी घडते, तसे चित्र त्यांना हवे असते: एकाच खोलीत आपण दोनदा, जमिनीपासून हातभर वर तरंगणारे आपण, अंगातून भिंत दिसणारे आपण. अशी चित्रे बहुधा एका वेळी घेता येत नाहीत. ती अनेक चित्रांचे थर एकमेकांवर रचून घडवावी लागतात. आज हे काम संगणकावर होते. पण त्यातील मुख्य युक्त्या संगणकाहून कितीतरी जुन्या आहेत, आणि त्या समजून घेतल्या तर आजचे काम फार सोपे वाटते.

पहिली युक्ती बेरजेची. छायाचित्राची जुनी काच ही वाण्याच्या खतावणीसारखी असते. तिच्या प्रत्येक ठिपक्यावर किती प्रकाश पडला ह्याची एकूण रक्कम तेवढी ती जमा करते. तो प्रकाश आधी कोणाकडून आला आणि नंतर कोणाकडून आला, हे ती लिहून ठेवीत नाही. समजा, चित्र उमटण्यास वीस सेकंद लागणार आहेत. पहिली दहा सेकंद एक मनुष्य खुर्चीवर बसला आणि मग हळूच उठून बाजूला झाला. त्या जागेवर अर्धा प्रकाश माणसाच्या अंगावरून आला आणि अर्धा रिकाम्या खुर्चीवरून. काचेने दोन्ही रकमा मिळविल्या आणि चित्रात उमटला एक धूसर मनुष्य, ज्याच्या आरपार खुर्चीची पाठ दिसते. डेव्हिड ब्रूस्टर ह्या स्कॉटिश शास्त्रज्ञाने, ज्याने शोभादर्शक यंत्र शोधून काढले त्यानेच, १८५६ साली आपल्या एका ग्रंथात करमणुकीची रीत म्हणून अशी भुते बनविण्याची कृती सांगितली होती.

करमणूक म्हणून सांगितलेली ही गोष्ट पाच-सहा वर्षांतच एका निराळ्या हाती गेली. अमेरिकेतील बॉस्टन शहरात विल्यम मम्लर नावाचा एक नक्षीकाम करणारा कारागीर होता. त्याने एकदा स्वतःचे छायाचित्र घेतले, तर त्यात त्याच्या शेजारी एका मुलीची अंधुक आकृती उमटली. ही आपली बारा वर्षांपूर्वी वारलेली चुलत बहीण आहे, असे त्याने सांगितले. काचेवर आधीचे एखादे चित्र राहून गेले असेल आणि तीच काच पुन्हा वापरली गेली असेल, तर असे सहज घडते. परंतु मम्लरने त्याचा धंदा केला. त्या सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. घरोघरी कोणीतरी मरण पावले होते. आपल्या गेलेल्या मुलाची, पतीची, भावाची छाया एकदा तरी पाहावयास मिळेल ह्या आशेने लोक त्याच्याकडे येऊ लागले आणि साध्या छायाचित्राच्या कितीतरी पट दाम मोजू लागले. पुढे काही चित्रांतील 'भुते' बॉस्टन शहरात हिंडताफिरताना आढळली, तेव्हा मात्र गवगवा झाला. १८६९ साली न्यूयॉर्क येथे त्याच्यावर फसवणुकीचा खटला झाला. बार्नम नावाच्या प्रसिद्ध खेळवाल्याने त्याच्याविरुद्ध साक्ष दिली आणि अशी चित्रे किती सहज बनविता येतात हे दाखविण्यासाठी, आपल्यामागे अब्राहम लिंकनचे भूत उभे असलेले आपले छायाचित्र एका छायाचित्रकाराकडून मुद्दाम करवून घेऊन न्यायालयात मांडले. तरीही मम्लरने नेमकी कोणती लबाडी केली हे सिद्ध करता न आल्यामुळे तो सुटला. पुढे लिंकनच्या विधवा पत्नीनेदेखील त्याच्याकडे जाऊन असे एक चित्र काढून घेतले.

बायार आणि मम्लर ह्या दोघांनीही जे नव्हते ते दाखविले. पण बायारचे चित्र पाहणाऱ्याला थोड्या विचाराने कळते की, हा देखावा आहे. किंबहुना ते कळावे म्हणूनच तो काढला आहे. मम्लरच्या चित्राची किंमत मात्र ते न कळण्यातच होती. एकाची युक्ती ही कला ठरली आणि दुसऱ्याची ती दुःखावरचा व्यापार ठरली, ते तंत्रामुळे नव्हे.

दुसरी युक्ती झाकण्याची. दोन चित्रांची नुसती बेरीज केली तर दोन्ही धूसर होतात. पण मला पारदर्शक भूत नको, चांगला भरीव असा दुसरा मी हवा आहे, तर काय करावे? तर कागदाचा एक भाग झाकून ठेवावा, उरलेल्या भागावर पहिले चित्र उमटवावे. मग उमटलेला भाग झाकून मोकळ्या जागेत दुसरे चित्र उमटवावे. ऑस्कर रेलँडर हा मूळचा स्वीडनमधील, पण इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला छायाचित्रकार ह्या कामात मोठा निष्णात होता. १८५७ साली त्याने तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक भव्य चित्र तयार केले. एका वृद्धाच्या दोन बाजूंस दोन तरुण आहेत. एक कष्टाच्या व सदाचाराच्या मार्गाकडे वळतो आहे, तर दुसरा चैनीच्या. प्रत्येक माणसाचे वा लहान गटाचे चित्र निरनिराळे घेऊन, ते सर्व एका मोठ्या दालनात उभे असावेत असे त्याने जुळविले. ह्यासाठी त्याला सुमारे सहा आठवडे लागले. व्हिक्टोरिया राणीने त्या चित्राची एक प्रत विकत घेतली. काही लोक मात्र रागावले. छायाचित्राने असे जोडकाम करावे हेच त्यांना पटेना.

मला स्वतःला रेलँडरचे ते भव्य चित्र तितकेसे आवडत नाही. त्यातील माणसे नाटकाच्या शेवटच्या प्रवेशासारखी ओळीने मांडलेली वाटतात. त्याचे सुमारे १८७१ सालचे एक लहानसे आत्मचित्र मला अधिक मोलाचे वाटते. त्यात एका बाजूस चित्रकाराच्या वेषातील रेलँडर उभा आहे आणि दुसऱ्या बाजूस स्वयंसेवक सैनिकाच्या गणवेषातील रेलँडर! पहिला रेलँडर दुसऱ्याची आपल्याला ओळख करून देत आहे. चेहरा तोच, दाढी तीच. पण उभे राहण्याची ढब मात्र दोन निराळ्या माणसांची आहे. एका मनुष्यात दोन माणसे राहतात हे त्याने एका शब्दावाचून सांगितले.

झाकण्याच्या ह्याच युक्तीस चलच्चित्रांत फार बहर आला. काळ्या रंगावरून प्रकाश जवळजवळ परत येत नाही. म्हणून काळ्या पडद्यापुढे घेतलेल्या चित्रात तो भाग कोराच राहतो आणि त्या कोऱ्या जागी नंतर दुसरे काही उमटविता येते. फ्रान्समधील जादूगार झॉर्झ मेलिएस ह्याने १८९८ साली ह्या रीतीने आपले डोके धडावरून काढून मेजावर ठेवले, पुन्हा नवे डोके आणले, तेही काढून ठेवले. असे करता करता पडद्यावर एकाच माणसाची चार डोकी एका वेळी दिसू लागली! आपल्याकडे दादासाहेब फाळके ह्यांनाही छायाचित्रण आणि जादू ह्या दोन्ही विद्या अवगत होत्या. जादूचे प्रयोग करताना ते आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून 'प्रोफेसर केळफा' हे नाव धारण करीत. १९१९ सालच्या त्यांच्या 'कालिया मर्दन' चित्रपटात त्यांची लहान मुलगी मंदाकिनी ही प्रथम आपल्या स्वतःच्या रूपात निरनिराळे हावभाव करून दाखविते. मग ती प्रतिमा विरत जाते आणि त्याच जागी कृष्णाच्या वेषातील तीच मुलगी प्रकट होते. एक थर फिकट होत जातो, दुसरा गडद होत जातो, एवढीच ती किमया.

विसाव्या शतकात अमेरिकेतील जेरी युल्समन ह्या छायाचित्रकाराने अंधाऱ्या खोलीतील ह्या कामाची परिसीमा गाठली. चित्र मोठे करण्याची कित्येक यंत्रे तो ओळीने मांडून ठेवी. प्रत्येक यंत्रात निराळी निगेटिव्ह असे. मग एकच कागद ह्या यंत्राखालून त्या यंत्राखाली नेत तो हातांनी प्रकाश अडवी व सोडी. १९६९ सालच्या त्याच्या एका चित्रात मुळांसकट उपटलेला वृक्ष पाण्यावर अधांतरी तरंगताना दिसतो. त्या चित्रात संगणकाचा लवलेश नाही. हात थोडा चुकला की कागद वाया जाई आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागे.

ही भीती संगणकाने घालविली. थॉमस व जॉन नॉल ह्या बंधूंनी बनविलेला 'फोटोशॉप' हा कार्यक्रम १९९० साली बाजारात आला आणि १९९४ साली त्यात थरांची सोय झाली. आज हीच सोय 'गिंप'सारख्या विनामूल्य कार्यक्रमांतही आहे. थर म्हणजे काय? काचेच्या तीन पट्ट्या घ्या, प्रत्येकीवर निराळे चित्र रंगवा आणि त्या एकमेकींवर ठेवून वरून पाहा. वरच्या काचेवर जेथे रंग आहे तेथे खालचे दिसणार नाही. जेथे ती कोरी आहे तेथून खालचे दिसेल. एक काच सरकविली तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही. संगणकातील थर अगदी असेच वागतात.

आता समजा, तुम्हांस असे चित्र हवे आहे: तुम्ही खुर्चीवर बसून पुस्तक वाचीत आहात आणि खुर्चीमागे उभे राहून, खांद्यावरून डोकावून, तुम्हीच तेच पुस्तक वाचीत आहात, मात्र मागचे तुम्ही किंचित पारदर्शक. प्रथम कॅमेरा किंवा दूरध्वनी तिपाईवर घट्ट बसवावा. तिपाई नसेल तर मेजावर जाड पुस्तकांची चळत रचून तिला टेकवून ठेवावा. एकदा ठेवला की काम संपेपर्यंत त्यास हात लावू नये. पहिले चित्र रिकाम्या खोलीचे घ्यावे. ह्या चित्रात कोणीच नसते, म्हणून पुष्कळ जण ते घेण्याचा कंटाळा करतात आणि मग पस्तावतात. कारण पुढे काहीही पुसून टाकावयाचे झाले तर त्या जागी भरावयास मागची भिंत ह्याच चित्रातून मिळते. दुसरे चित्र टायमर लावून खुर्चीवर बसून घ्यावे. तिसरे खुर्चीमागे उभे राहून. ह्या वेळी खुर्ची रिकामी असेल, पण ती तसूभरही सरकता कामा नये. तिन्ही चित्रे पाच-दहा मिनिटांत उरकावी. सूर्य थांबत नाही. खिडकीतून येणारा उजेड तासाभरात जागा बदलतो आणि संध्याकाळ जवळ आली की तो तांबूस होतो. एका माणसावर पांढरा उजेड आणि दुसऱ्यावर तांबूस उजेड पडला, तर पाहणाऱ्याला नेमके काय बिघडले हे सांगता येणार नाही, पण चित्रावर त्याचा विश्वासही बसणार नाही.

ही चित्रे संगणकावर एकाखाली एक रचली की फक्त सर्वांत वरचे दिसते. वरचे उभ्या माणसाचे आहे असे धरू. आता येथे झाकण्याची युक्ती येते. थराला जोडलेल्या झाकणास 'मास्क' म्हणतात. रांगोळीचा छापा तुम्ही पाहिला आहे. पत्र्यावर जेथे भोके असतात तेथूनच रांगोळी खाली पडते आणि बाकीची वरच अडते. मास्कचेही तसेच आहे. त्यावर जेथे पांढरा रंग असेल तेथे तो थर दिसतो, जेथे काळा असेल तेथे तो लपतो आणि जेथे करडा असेल तेथे अर्धवट दिसतो. म्हणून वरच्या थराचा मास्क सगळा काळा करावा आणि मग पांढऱ्या कुंचल्याने केवळ उभ्या आकृतीपुरता उघडावा. चूक झाली तर काळ्या कुंचल्याने पुन्हा झाकावे. मूळ चित्राचे काहीही बिघडत नाही. हा आनंद युल्समनला मिळाला नव्हता! केसांच्या कडा फार धीराने कराव्या लागतात. तेथे कुंचल्याची धार मऊ ठेवावी.

आकृती पारदर्शक करण्यासाठी त्या थराची अपारदर्शकता कमी करावयाची. ह्यामागे साधे अंकगणित आहे. संगणक प्रत्येक ठिपक्याची उजळता ० ते २५५ ह्या अंकांत मोजतो. ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा. समजा, भिंतीची उजळता २०० आहे आणि तुमच्या गडद सदऱ्याची ४० आहे. अपारदर्शकता ५० टक्के ठेवली तर संगणक दोहोंचा अर्धा अर्धा भाग घेतो: १०० आणि २० मिळून १२०. ती ३० टक्के केली तर सदऱ्याचे १२ आणि भिंतीचे १४० मिळून १५२ होतात, आणि भूत आणखी विरळ होते. खुर्चीवरून अर्ध्या वेळाने उठून गेलेला ब्रूस्टरचा मनुष्य आणि हे ५० टक्के, दोन्ही एकच गणित होय.

ह्याहून सोपा, पण मला फार विलक्षण वाटणारा एक प्रयोग आहे. आपल्या चेहऱ्याचे अगदी समोरून एक चित्र घ्या. त्याची एक प्रत काढून ती आडवी उलटवा, म्हणजे डावे उजवीकडे येईल. आता दोन्ही प्रतींचे डावे अर्धे एकत्र जोडा. जो चेहरा तयार होईल तो अगदी सारखा, दोन्ही बाजूंनी जुळणारा. आणि तरीही तुमच्याकडे कोणीतरी परका बघत आहे असे वाटेल. मग दोन्ही उजवे अर्धे जोडा. दुसराच परका उभा राहील. आपला चेहरा दोन बाजूंनी कधीच तंतोतंत सारखा नसतो, हे तेव्हा कळते. आरशात आपण स्वतःला जन्मभर उलटेच पाहत असतो, त्यामुळे साधे छायाचित्रदेखील आपल्याला किंचित अनोळखी वाटते. येथे ते अनोळखीपण वाढलेले असते, एवढेच.

हवेत तरंगण्याचे चित्रही अवघड नाही. एका लहान स्टुलावर पोटावर आडवे व्हावे, हातपाय लांब करावे आणि चित्र घ्यावे. मग स्टूल काढून रिकाम्या जागेचे चित्र घ्यावे. रिकामे चित्र खाली, आपले वर ठेवावे आणि मास्कने स्टूल तेवढे झाकावे. येथवर सर्वांना जमते. कठीण आहे ती सावली. जमिनीवर तुमच्या अंगाची सावली पडलेली असते, तिच्यात स्टुलाचीही सावली मिसळलेली असते. स्टुलाची सावली काढून टाकावी लागते. परंतु अंगाची सावली काढून चालत नाही. कारण आपले डोळे एखादी वस्तू जमिनीवर टेकली आहे की वर आहे हे बरेचसे सावलीवरून ओळखतात. टेकलेल्या वस्तूची सावली तिला चिकटून असते; वर असलेल्या वस्तूची सावली तिच्यापासून सुटी पडते. तुमच्या शरीरात आणि सावलीत जितके अंतर, तितके तुम्ही उंच. सावली पुसून टाकली तर तरंगणारा मुलगा कागदातून कापून चिकटविल्यासारखा दिसेल. उंच कठड्यावर, विहिरीच्या काठी किंवा रेल्वेच्या रुळांवर चढून असली चित्रे घेताना लोकांनी प्राण गमावले आहेत. ज्याला थर रचता येतात त्याला घरातील बुटके स्टूल पुरते.

आता, अशा चित्रातील गूढता येते कोठून? बरेच नवशिके रक्ताचे डाग, कवट्या, जळते डोळे असा सारा सरंजाम एकाच चित्रात भरतात. ती जत्रेतील भुताटकीची खोली होते. तिच्यात कोणी घाबरत नाही. विसाव्या शतकात युरोपात स्वप्नासारखी चित्रे काढणाऱ्या कलावंतांचा एक पंथ निघाला. १९२४ साली पॅरिस येथे त्यांचा जाहीरनामा निघाला. त्यांच्या वळणास अतिवास्तववाद असे म्हणतात. त्या पंथातील बेल्जियमचा चित्रकार रने माग्रीत ह्याने १९३७ साली एक तैलचित्र रंगविले. एक सभ्य गृहस्थ आरशापुढे उभा आहे, त्याची पाठ आपल्याकडे आहे. आणि आरशातही त्याची पाठच दिसते! आरशापुढील फळीवर ठेवलेल्या पुस्तकाचे प्रतिबिंब मात्र बरोबर पडले आहे. ते पुस्तकच खरी भीती घालते. आरसा चांगला आहे, नियम चालू आहेत. फक्त ह्या एका माणसाला ते लागू नाहीत. माग्रीतने ते चित्र रंगांनी काढले, पण दोन थरांनी तुम्हांलाही त्याच्या जवळ जाता येईल. आरशासमोर डोळे उघडे ठेवून एक चित्र घ्या, डोळे मिटून दुसरे घ्या आणि दुसऱ्यातून केवळ आरशाचा भाग उघडा. तुम्ही आरशात पाहत आहात आणि आरशातील तुम्ही झोपला आहात. खोलीतील बाकी सर्व जसेच्या तसे राहू द्या. दिनदर्शिका, खुंटीवरचा टॉवेल, सारे काही.

असले प्रयोग स्वतःवरच करण्यात आणखीही एक सोय आहे. आपला चेहरा आपल्याला विचारून वापरता येतो. मित्राचे किंवा शेजारच्या मुलीचे तोंड त्यांच्या नकळत कोठल्याही देखाव्यात चिकटविले, तर ते मम्लरच्या धंद्याहून फारसे निराळे नाही. चित्र बनविणाऱ्याला ती गंमत वाटते, पण पाहणारे ते खरे समजतात आणि भोगावे लागते तिसऱ्यालाच.

आपल्या देशातील एक उदाहरण सांगितल्याखेरीज हा विषय संपविता येत नाही. उमरावसिंग शेरगिल हे पंजाबातील एक विद्वान गृहस्थ. त्यांना छायाचित्रांचा विलक्षण नाद होता आणि अनेक दशके ते स्वतःचीच छायाचित्रे घेत आले: कधी ग्रंथ वाचताना, कधी योगासने करताना, कधी नुसतेच विचारमग्न. आपल्या पत्नीची आणि मुलींचीही त्यांनी पुष्कळ चित्रे घेतली. त्यांची थोरली मुलगी म्हणजे प्रसिद्ध चित्रकर्त्री अमृता शेरगिल. ती १९४१ साली अवघ्या अठ्ठावीस वर्षांची असताना वारली. वडील १९५४ साली गेले.

अमृतेच्या धाकट्या बहिणीचा मुलगा विवान सुंदरम हा पुढे स्वतः नामवंत कलावंत झाला. त्याचा जन्म १९४३ चा, म्हणजे मावशीला त्याने कधी पाहिलेच नव्हते. २००१-०२ साली त्याने आजोबांची ती जुनी छायाचित्रे संगणकावर घेतली आणि त्यांचे थर एकमेकांवर रचून एक चित्रमाला तयार केली. निरनिराळ्या वर्षी, निरनिराळ्या शहरांत घेतलेल्या चित्रांतील माणसे तेथे एका खोलीत येतात. तरुण आजोबा आणि प्रौढ मुलगी शेजारी उभी राहतात. एका चित्राचा उजेड दुसऱ्या चित्राच्या भिंतीवर पडतो. आजोबांनी स्वतःकडे पाहत झडप उघडली होती आणि कित्येक दशकांनंतर नातवाने त्याच चित्रात दुसऱ्या चित्राला वाट करून दिली.  ह्या चित्रांतील काहींची भेट त्या रूपात कधी झालेलीच नव्हती.